कोर्टवरची तालीम

'तालीम' हा शब्द उर्दूतही आहे आणि मराठीतही, पण अर्थ वेगवेगळे आहेत. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे व्यायामशाळा, कसरत किंवा नाटकाचा सराव. शाळेत दोन्ही भाषा शिकवताना या शब्दापाशी मुले हमखास अडखळतात. मला तो कधी अवघड गेला नाही, कारण माझ्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकाच जागी भेटले. ती जागा म्हणजे नागपुरातील आमच्या कॉलेजचे सिमेंटचे बास्केटबॉल कोर्ट.

१९९६ ते १९९९ या तीन वर्षांत मी कॉलेजच्या मुलींच्या संघातून खेळले. यंदा काही माजी खेळाडूंनी संघाचा इतिहास एकत्र करायला घेतला आणि जुने फोटो, निकालांच्या वह्या, प्रमाणपत्रे जमवण्याचे काम माझ्याकडेही आले. ते करताना जे मनात आले, ते या मासिकाच्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. दहावी-बारावीतली मुले-मुली आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात आहेत, आणि 'आता खेळ पुरे, अभ्यासाला लाग' हे वाक्यही बहुतेक घरांत रोज ऐकू येते.

एका शिक्षकाने शोधलेला खेळ

बास्केटबॉल हा खेळ एका शिक्षकाच्या अडचणीतून जन्मला. डिसेंबर १८९१. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीए या संस्थेची प्रशिक्षण शाळा होती. थंडीत बाहेर खेळता येत नाही, आत कवायत करून विद्यार्थी कंटाळलेले, आणि वर्ग काही केल्या आवरत नाही. जेम्स नेस्मिथ या व्यायाम शिक्षकाला वरिष्ठांनी सांगितले, की दोन आठवड्यांत आत खेळता येईल असा खेळ तयार करा. नेस्मिथ यांनी पीच फळाच्या दोन टोपल्या दहा फुटांवर ठोकल्या, फुटबॉलचा चेंडू घेतला आणि तेरा नियम लिहून भिंतीवर लावले. वर्गात अठरा जण होते, म्हणून एका बाजूला नऊ. टोपलीची उंची आजही दहा फूटच आहे.

चेंडू हातात घेऊन धावायचे नाही, हा त्या नियमांतला मुख्य नियम. धावण्यावर बंधन आले की धक्काबुक्की कमी होते आणि साथीदाराला पास द्यावाच लागतो. वर्ग सांभाळणाऱ्या माणसाला सुचलेली ही युक्ती आहे, असे मला शिक्षिका म्हणून नेहमी वाटते.

वायएमसीएच्या मार्गानेच हा खेळ आपल्या देशात आला. १९२० साली हॅरी क्रो बक यांनी मद्रासमध्ये वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले आणि तिथून शिकून गेलेले शिक्षक देशभरातील शाळा-कॉलेजांत पोहोचले. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ साली दिल्लीत झाली. देशाचा बास्केटबॉल महासंघ १९५० साली स्थापन झाला. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारताचा पुरुष संघ खेळला.

विद्यापीठाचा नकाशा आणि संघाचे नशीब

नागपूर विद्यापीठ १९२३ सालचे. एकेकाळी साऱ्या विदर्भातील कॉलेजे त्याच्याशी जोडलेली होती. आमच्या आधीच्या पिढीतले खेळाडू सांगतात, की आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकायची तर अमरावतीच्या संघांना हरवावे लागे आणि ते सोपे नव्हते. अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे काम चालू आहे. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. अशा गावात तयार झालेली मुले समोर उभी राहिली की नागपूरकरांची कसोटी लागे.

१९८३ साली अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि पश्चिम विदर्भाचे संघ वेगळे झाले. आम्ही खेळलो तेव्हा नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली एवढाच नकाशा उरला होता. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाल्यावर चंद्रपूर आणि गडचिरोलीही वेगळे झाले. प्रशासनाच्या दृष्टीने हे योग्यच असेल, पण खेळाडूच्या बाजूने पाहिले तर प्रत्येक विभागणीत काही चांगले प्रतिस्पर्धी कमी झाले. समोरचा संघ तगडा असला तरच आपला खेळ वाढतो. दुसऱ्या बाजूला, विद्यापीठाच्या संघात निवडले जाण्याची संधी जास्त मुलांना मिळू लागली, हेही खरे. आधी कॉलेजचा संघ, त्यातून विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभागीय आणि पुढे अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा अशी ही शिडी आहे.

खेळाचे नियमही बदलले. आमच्या वेळी वीस-वीस मिनिटांचे दोन डाव असत आणि चेंडू हाती आल्यावर तीस सेकंदांत फेकावा लागे. २००० साली दहा-दहा मिनिटांचे चार भाग झाले आणि तीस सेकंदांचे चोवीस झाले. आता खेळ वेगवान झाला आहे. आम्हाला विचार करायला सहा सेकंद जास्त मिळत होते, एवढेच म्हणते.

फोटोतल्या मुली

जमवलेल्या फोटोंत एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. मुलांच्या संघात आपल्या समाजातली नावे बरीच आहेत. मोमीनपुऱ्यातून, सदरमधून, ताजबागेच्या बाजूने येणारी मुले संघात असतच. मुलींच्या फोटोंत मात्र अशी नावे शोधावी लागतात. माझ्या तीन वर्षांत मी एकटीच होते.

मला खेळायला मिळाले त्याचे कारण माझी गुणवत्ता नव्हती. तीन साध्या सोयी जुळून आल्या होत्या. पहिली, सराव संध्याकाळी चारला सुरू होऊन मगरिबच्या आत संपे. दुसरी, मोहल्ल्याच्या बाजूला राहणारी एक सीनियर मुलगी रोज माझ्याबरोबर सिटी बसने परतत असे. तिसरी, आमच्या सरांनी पूर्ण ट्रॅक पँट आणि लांब बाह्यांचा टी-शर्ट घालायला कधी हरकत घेतली नाही. एका स्पर्धेत पंचांनी माझ्या डोक्यावरच्या रुमालाला आक्षेप घेतला होता. सरांनी शांतपणे चर्चा केली, रुमालाला पिन नाही हे दाखवले आणि मी खेळले.

तिन्ही वर्षी रमजान डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान आला, म्हणजे नेमका स्पर्धांच्या हंगामात. नागपुरात त्या दिवसांत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. रोजा ठेवून सराव कसा करायचा हे तेव्हा सांगायला कोणी नव्हते. सहेरीला दही आणि पोळी खायची, दुपारी धावण्याचा सराव टाळायचा, फक्त फ्री थ्रोचा सराव करायचा, हे माझे मीच ठरवत गेले. पुढे वाचनात आले, की हकीम ओलाजुवॉन हे नामवंत खेळाडू अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये रोजा ठेवून सामने खेळत. फेब्रुवारी १९९५ मध्ये रमजान होता आणि त्याच महिन्याचे सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्यांचीच निवड झाली होती. हे तेव्हा कळले असते तर अम्मीला सांगायला बरे पडले असते.

नागपाड्याने काय केले

महाराष्ट्रात आपल्या समाजाचे आणि बास्केटबॉलचे नाते पाहायचे तर मुंबईच्या नागपाड्याकडे पाहावे लागते. तिथे १९२७ साली अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी नागपाडा नेबरहूड हाऊस ही संस्था सुरू केली. गिरणी कामगार, कारागीर, हमाल अशा दाटीवाटीच्या वस्तीत लोकांनी एकत्र यावे, मुलांना शिकायला आणि खेळायला जागा मिळावी, हा तिचा उद्देश. १९३६ साली ज्या समाजकार्य शाळेतून पुढे टाटा समाजविज्ञान संस्था घडली, तीही याच इमारतीत सुरू झाली.

या वस्तीत बास्केटबॉल इतका रुजला की क्रिकेटच्या मुंबईत नागपाड्याची ओळख वेगळी झाली. याला कारणे आहेत. बास्केटबॉलला मोठे मैदान लागत नाही. अठ्ठावीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद जागा, दोन खांब आणि एक चेंडू पुरतो. दहा मुले एका वेळी खेळतात. महागडी बॅट, पॅड काही नको. गरीब आणि दाट वस्तीसाठी याहून सोयीचा खेळ सापडणे कठीण. दुसरे कारण माणसांचे. बच्चू खान यांच्यासारखे प्रशिक्षक पिढ्यान्‌पिढ्या मुलांना शिकवत राहिले. नागपाड्यातील महापालिकेचे मैदान आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

या मैदानावरून गुलाम अब्बास मुंतसिर घडले. त्यांना १९७० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला आणि त्यांनी भारताचे कर्णधारपद भूषवले. १९७५ च्या आशियाई स्पर्धेत भारत चौथा आला. त्या स्पर्धेतली भारताची ही आजवरची सर्वोत्तम कामगिरी आहे, आणि तेव्हाचे कर्णधार नागपाड्याचे अब्बासभाई होते. आपल्या मुलांना क्रिकेटपटूंची नावे तोंडपाठ असतात. हे नाव मात्र मी वर्गात घेतले तेव्हा एकालाही माहीत नव्हते.

करीम आणि त्यांचे सर

कॉलेजच्या संघाकडे मागे वळून पाहणाऱ्या खेळाडूंमध्ये सर्वांत मोठे नाव करीम अब्दुल जब्बार यांचे. जन्म १९४७, न्यूयॉर्क. मूळ नाव ल्यू अल्सिंडर. उंची सात फूट दोन इंच. १९६५ साली ते लॉस एंजेलिसच्या यूसीएलए या विद्यापीठात दाखल झाले. तिथे जॉन वुडन हे प्रशिक्षक होते. वुडन मुळात शाळेत इंग्रजी शिकवणारे मास्तर. त्यांच्या हाताखाली या विद्यापीठाने १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. करीम यांच्या तीन वर्षांत संघाने अठ्ठ्याऐंशी सामने जिंकले आणि फक्त दोन गमावले.

अशा संघाचा पहिला धडा कोणता असेल? मोजे कसे घालायचे! वुडन पहिल्या दिवशी खेळाडूंना बसवून मोजे घालायला शिकवत. मोज्याला सुरकुती राहिली की पायाला फोड येतो, फोड आला की सराव बुडतो, आणि सराव बुडाला की सामना हातचा जातो. शाळेत वहीला समास आखायला लावणारे आपणही याच जातीचे लोक आहोत.

१९६७ मध्ये अमेरिकेच्या कॉलेज स्पर्धांत चेंडू वरून टोपलीत दाबण्यावर बंदी घातली गेली. ती १९७६ पर्यंत टिकली. करीम यांच्या उंचीचा धसका हे तिचे कारण होते, असे सर्रास मानले गेले. त्यांनी तक्रारीत वेळ घालवला नाही. एका हाताने डोक्यावरून चेंडू वळवून टाकण्याचा 'स्कायहूक' हा फटका त्यांनी घोटून घोटून पक्का केला. पुढे व्यावसायिक लीगमध्ये त्यांनी ३८,३८७ गुण केले आणि हा विक्रम २०२३ पर्यंत अबाधित राहिला. एक वाट बंद झाली की दुसरी तयार करायची, हे त्यांनी विद्यार्थी असतानाच करून दाखवले.

कॉलेजात असतानाच, १९६८ साली, त्यांनी इस्लाम स्वीकारला. नवे नाव १९७१ पासून जाहीरपणे वापरले. वुडन श्रद्धावान ख्रिस्ती होते. धर्म वेगळा, रंग वेगळा, वयात सदतीस वर्षांचे अंतर, तरी दोघांची मैत्री २०१० साली वुडन नव्व्याण्णवाव्या वर्षी वारले तोवर टिकली. २०१७ साली करीम यांनी 'कोच वुडन अँड मी' हे पुस्तक लिहून या नात्याची हकीकत सांगितली. एवढे विक्रम करणारा माणूस पन्नास वर्षांनी लिहायला बसतो तेव्हा गुणांच्या आकड्यांपेक्षा आपल्या सरांबद्दल जास्त लिहितो, हे मला फार बोलके वाटते. आमच्या जमवलेल्या आठवणींतही तेच झाले. निकाल कोणाला धड आठवत नाहीत. सर काय म्हणाले ते सगळ्यांना आठवते.

डोक्यावरचा रुमाल आणि नियम

माझ्या रुमालावरचा आक्षेप मी त्या पंचांचा स्वभाव समजत होते. पण जगभर हा प्रश्न नियमांतच होता. डोक्यावर काही घातले तर समोरच्याला इजा होईल, या कारणाने आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने त्यावर बंदी घातलेली होती. जुलै २०१४ मध्ये चीनमधील आशिया चषकात आपल्या देशाच्या अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग यांना पगडी काढून खेळावे लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दक्षिण कोरियातील आशियाई क्रीडा स्पर्धेत कतारच्या मुलींना हिजाब काढा असे सांगण्यात आले. त्यांनी सामना सोडला.

याच काळात बिल्किस अब्दुल कादिर ही खेळाडू अमेरिकेत नियम बदलावा म्हणून झटत होती. ती स्प्रिंगफील्डची, म्हणजे जिथे हा खेळ जन्मला त्याच गावची. शालेय स्पर्धांत तिने ३,०७० गुण करून मॅसॅच्युसेट्स राज्याचा विक्रम केला. नंतर ती हिजाब घालून विद्यापीठाच्या वरिष्ठ गटात खेळली. अमेरिकेतल्या कॉलेज स्पर्धांत तिला अडचण आली नाही, पण परदेशात व्यावसायिक खेळायचे म्हटल्यावर आंतरराष्ट्रीय नियम आडवा आला. अखेर मे २०१७ मध्ये महासंघाने नियम बदलला आणि ऑक्टोबर २०१७ पासून तो लागू झाला. एकाच रंगाचे, चेहरा न झाकणारे, गळ्याशी बंद किंवा पिन नसलेले आणि कोठेही सुटे टोक न राहणारे शिरोवस्त्र आता चालते. बिल्किसची स्वतःची उमेदीची वर्षे तोवर निघून गेली होती. फायदा तिच्या मागून येणाऱ्या मुलींना झाला, त्यांत शिखांची मुलेही आली.

एका वडिलांचे तीन प्रश्न

आमच्या शाळेत नववीत एक मुलगी आहे. उंच, चपळ, चेंडू हातात आला की मान वर करून आधी साथीदाराकडे पाहणारी. असे पाहणे शिकवून येत नाही. तिला सतरा वर्षांखालील शालेय संघात घ्यावे म्हणून मी तिच्या वडिलांना बोलावले. ते ऑटो चालवतात. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांगता म्हणजे चांगलंच असेल. पण मला तीन गोष्टी सांगा. सरावाहून पोरगी घरी येणार कशी? कपडे काय घालणार? आणि यातून पुढे मिळणार काय?"

हे प्रश्न मागासलेपणाचे नाहीत. जबाबदार बाप हेच विचारील. पहिल्याचे उत्तर म्हणून आम्ही सराव सकाळी साडेसहाला, शाळा भरण्यापूर्वी ठेवला. येताना वडिलांची ऑटो आणि नंतर थेट वर्ग. दुसऱ्यासाठी नवा नियम छापून त्यांच्या हातात दिला. तिसऱ्याचे उत्तर मी सांभाळून दिले. दहावी-बारावीला ठरावीक स्तरावर खेळलेल्यांना सवलतीचे गुण मिळतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी लागणारी पातळी बरीच वरची आहे आणि प्रमाणपत्रांची कडक पडताळणी होते. म्हणून नोकरीच्या आशेवर खेळायला पाठवू नका, असेच मी त्यांना सांगितले.

मग काय मिळते? हरल्यावर समोरच्याशी हात मिळवायची सवय लागते. आपल्या चुकीची शिट्टी वाजली की हात वर करून ती मान्य करावी लागते. चार वेगळ्या वस्त्यांतल्या मुलींवर विसंबून राहता येते. आमच्या संघातल्या पाच जणींपैकी एक आज बँकेत आहे, एक वर्ध्याला दवाखाना चालवते, दोघी घर सांभाळतात आणि मी शिकवते. कोणीही खेळावर पोट भरत नाही. पण घरात आजारपण आले, कोणाची नोकरी गेली, तेव्हा आधी एकमेकींनाच फोन गेले आहेत.

वडील थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, "तिच्या आईशी बोलतो." दुसऱ्या आठवड्यात मुलगी आली. मैदानाच्या कडेला तिची आई बसली होती. आता आणखी दोघींच्या आया तिच्या शेजारी येऊन बसतात.

एवढे करता येईल

मुलगा किंवा मुलगी खेळायचे म्हणत असेल तर शाळेत आधी वेळ आणि परतीची सोय विचारा. एक-दोन पालकांनी मिळून सांगितले तर बहुतेक शाळा वेळ बदलतात. शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांत होतात. शाळेने नाव पाठवले की नाही याची चौकशी पावसाळ्यातच करा, नंतर मुदत संपते. प्रमाणपत्रे वेगळ्या फाईलमध्ये जपून ठेवा. रमजानच्या दिवसांत सरावाची वेळ आणि जोर कमी ठेवायला प्रशिक्षकांना आधीच सांगा, लपवून ठेवू नका.

आणि ज्यांनी शाळा-कॉलेजात कोणताही खेळ खेळला आहे, त्यांना एक विनंती. आठवड्यातून एक तास जवळच्या मैदानावर जा. नागपाडा मोठे झाले ते खेळ सोडल्यावरही मैदानावर येत राहिलेल्या माणसांमुळे. आपल्या मोहल्ल्यांत जागा कमी आहे, हे खरे. पण दोन खांब उभे राहतील एवढी जागा बहुतेक शाळांच्या आवारात असते. खांबांशेजारी उभे राहायला एक मोठे माणूस लागते.